ढालीवरचा उलटा घोडा

घोडा उलटा होता. डेगेनहार्ट फॉन एरलेकला आधी वाटलं, आपणच शिळेच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत. म्हणून तो शिळेला वळसा घालून पलीकडे गेला. तिथून घोडा सुलटा दिसला. चारही पाय जमिनीकडे, पुढचा उजवा पाय किंचित उचललेला, मान ताठ. पण तिथून त्याचं स्वतःचं नाव उलटं वाचावं लागत होतं, आणि शिळेवर कोरलेला चिलखतातला पुरुष, म्हणजे तो स्वतःच, डोक्यावर उभा होता. तो पुन्हा पहिल्या जागी आला. पुरुष सरळ, नाव सरळ, मृत्यूच्या तारखेसाठी सोडलेली कोरी पट्टी सरळ, आणि पुरुषाच्या पायाशी टेकवलेल्या ढालीवर घोडा मात्र पाय वर करून. दोन्ही एकाच वेळी सरळ दिसतील अशी जागा विल्पोल्ड पाथरवटाच्या त्या अख्ख्या कारखान्यात कुठेही नव्हती. हे कळायला दोन फेऱ्या पुरेशा होत्या, तरी त्याने तिसरी मारली. वय एकसष्ट, गुडघ्यात हंगेरियन बाणाचं टोक अजून मुक्कामाला, आणि स्वतःच्या थडग्याभोवती तीन प्रदक्षिणा.

थडग्याची शिळा जिवंतपणीच करवून घ्यायची सगळ्याच सरदारांची पद्धत होती. मेल्यावर पोरंबाळं स्वस्तातला दगड आणतात, असं म्हणत. शिवाय स्वतःचं नाक कसं आलंय हे डोळ्यांनी बघून घेता येतं. डेगेनहार्टचं नाक चांगलं आलं होतं, खऱ्यापेक्षा बरंच सरळ. दगड तांबडा होता, साल्झबुर्गच्या डोंगरातून काढून नदीच्या वाटेने नावेतून आणलेला, आणि त्यात जागोजाग गोगलगाईच्या शंखांसारखी वेटोळी होती. एक वेटोळं नेमकं कोरलेल्या पुरुषाच्या कानापाशी आलं होतं.

"विल्पोल्ड मिस्त्री," तो म्हणाला, "हा घोडा मेलाय का?"

विल्पोल्डच्या भुवयांवर दगडाची तांबूस भुकटी बसली होती, त्यामुळे तो सदैव नुकताच रागावल्यासारखा दिसे. प्रत्यक्षात फार गरीब माणूस. "रीतच आहे ना, सरकार," तो म्हणाला. "घराण्यातला शेवटचा पुरुष असला की ढाल उलटी काढायची. ती ढाल पुढे कुणी धरणार नाही म्हणून. माझ्या बापाने दोन काढल्या, मी ही पहिलीच."

"शेवटचा पुरुष कोण?"

विल्पोल्डने कुंट्सकडे बघितलं. कुंट्स हा डेगेनहार्टचा जुना स्वार. चाळीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला घोडा घालून लढलेला आणि आता त्याच घरात त्याच अधिकाराने कुरकुर करणारा. कुंट्सने छताकडे बघितलं.

"तुम्ही, सरकार," विल्पोल्ड म्हणाला.

"हे तुला कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे... सगळं नॉयश्टाटच म्हणतंय. मासळीबाजारात विचारा. आपल्या लेकीचं, बेनिग्नाबाईंचं, लग्न त्या योब्स्ट ओताऱ्याशी ठरलं म्हणे. मग नाव बुडालंच की. मी म्हटलं, सरकारांना वेगळं विचारून कशाला दुखवा."

"ठरलेलं नाहीये."

"नाही?" विल्पोल्डचा चेहरा पडला. छिन्नी हातातून खाली ठेवताना त्याने ती पुसली. "अरे देवा. नाही ठरलं? मग कुंट्सदादा, तुम्ही तर..."

"मी काही बोललो नव्हतो," कुंट्स म्हणाला. "मी फक्त मान हलवली होती. मानेला वय झालंय माझ्या, आपोआप हलते."

डेगेनहार्ट रागावला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. राग येण्याची जागा त्याला ठाऊक होती. छातीच्या मधोमध, चिलखताच्या दोन पत्र्यांचा जोड येतो तिथे आधी गरम व्हायचं, मग ते मानेवर चढायचं. त्या जागी त्याने लक्ष देऊन पाहिलं. तिथे काही नव्हतं. फक्त एक बारीक हुळहुळ होती, बधिर झालेल्या पायात रक्त परत यायला लागतं तशी. गेले तीन आठवडे ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येत नव्हतं त्याचं उत्तर या शहराने परस्पर देऊन टाकलं होतं, कोळणींनी, पाववाल्यांनी, आणि या गरीब विल्पोल्डने तर ते दोन बोटं खोल कोरूनही टाकलं होतं. आणि मुदत आजचीच होती. उद्या सेंट यॉर्गचा सण. बेनिग्नाने ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारी जेवणाच्या टेबलावर उभं राहून सांगितलं होतं: यॉर्गच्या आदल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बाबांनी हो म्हटलं तर ती योब्स्टचा हात धरून चर्चच्या दारात उभी राहील, नाही म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर सणाच्या सकाळी टुलनच्या मठातल्या बायकांकडे जाणारी गाडी तिने सांगून ठेवली आहे. मठात गेलेली मुलगी परत येत नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण कुंट्समार्फत. एकाच टेबलावर बसून ती कुंट्सला सांगे, "बाबांना म्हणावं मीठ इकडे सरकवा," आणि कुंट्स दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या डेगेनहार्टला सगळं पुन्हा, शब्द न गाळता, दरबारातल्या दुभाष्यासारखं सांगे.

दुसरा मार्गही उघडा होता आणि तो या क्षणी त्याच्याच स्वयंपाकघरात बसून कार्प मासा खात होता. म्हणजे त्या मार्गाचा निरोप्या. झिगमार फॉन टानेक, वय चाळीस, विधुर, बापाचा तिसरा मुलगा, वागायला नम्र, दात सगळे शाबूत. झिगमार बेनिग्नाशी लग्न करायला तयार होता आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःचं नाव टाकून एरलेक नाव लावायला, एरलेकचा घोडा ढालीवर घ्यायला तयार होता. सम्राटाच्या कचेरीतून तसं पत्रही मिळणार होतं. एक शब्द पाठवायचा अवकाश. तो शब्द न्यायला आलेला माणूस दोन दिवस झाले खात होता. झिगमारमध्ये खोट काढता येत नव्हती. डेगेनहार्टने मनात पुष्कळदा त्याला समोर उभं करून चहूबाजूंनी फिरून बघितलं होतं, विकायला आणलेला घोडा बघतात तसं, आणि दर वेळी सगळं ठीक निघालं होतं. फक्त बेनिग्नाला तो नको होता. "का नको?" असं त्याने त्याच पाम रविवारी विचारलं होतं, आणि "त्या काजळलेल्या ओताऱ्यात तू पाहतेस तरी काय?" असंही. ती जराही न चिडता म्हणाली होती, "मी काही विचारलं की योब्स्ट म्हणतो, मला माहीत नाही. मग आम्ही दोघं बघतो."

हे त्याच्या मनात का रुतून बसलं होतं ते त्याला आत्ता, दगडातल्या त्या वेटोळ्याकडे बघताना कळलं. बेनिग्ना पाच वर्षांची असताना चर्चच्या फरशीत असंच वेटोळं बघून ती खाली बसली होती आणि तिने विचारलं होतं, गोगलगाय दगडाच्या आत कशी शिरली? दगड आधी होता की गोगलगाय? त्याने म्हटलं होतं, देवाला विचार. ती लहान पोर खरंच वेदीपाशी जाऊन उभी राहिली, बराच वेळ. मग परत येऊन म्हणाली, तो काही बोलत नाही. तो हसला होता, आजूबाजूचे सरदार हसले होते, आणि दुसऱ्याच दिवशी तो मोहिमेवर निघून गेला होता, कारण तो कायम दुसऱ्या दिवशी कुठेतरी निघून जात असे. आफ्राने, त्याच्या बायकोने, ती पोर एकटीने वाढवली. दोन मुलगे त्याआधी पाळण्यातच गेले होते. एकाच्या वेळी तो स्टायरियात होता, एकाच्या वेळी मोराव्हियात. आफ्रालाही जाऊन आता नऊ हिवाळे झाले. इतक्या वर्षांत त्या पोरीचा प्रश्न तसाच पडून होता, आणि तो उचलायला एक ओतारी आला, ज्याला उत्तर ठाऊक नव्हतं.

"अजून उपाय आहे, सरकार," विल्पोल्ड घाईघाईने म्हणाला. त्याने ढालीवर कोळशाने रेघ मारून दाखवली. "हा एवढा भाग मी आणखी दोन बोटं खाली उतरवतो आणि आत नवा घोडा काढतो, सुलटा. फक्त जागा आक्रसेल. घोडा जरा बारका होईल."

"किती बारका?"

"शिंगरू वाटेल," विल्पोल्डने प्रामाणिकपणे सांगितलं. "पण सुलटं शिंगरू. मात्र आत्ताच सांगायला हवं. दुपारी घासकाम करणारे येतात, एकदा झिलई चढली की मग छिन्नी लावता येत नाही."

"शिंगरू काय वाईट आहे, धनी?" कुंट्स म्हणाला. "खाणं कमी लागतं."

डेगेनहार्टने हातमोजा काढला आणि ढालीवर तळवा ठेवला. दगड गार होता, पण जिथे छिन्नी नुकती चालली होती तिथे किंचित, अगदी किंचित कोमट. घोड्याचं पोट, बरगड्या, वर आलेले खूर. एरलेकच्या घोड्याची गोष्ट त्याला पाठ होती: पणजोबाच्या आजोबाने पुरात वाहून जाणाऱ्या ड्यूकला घोड्यावर घालून काठाला आणलं, म्हणून ड्यूकने त्याला किल्ला दिला आणि ढालीवर घोडा दिला. बाप ही गोष्ट सांगताना उभा राही. पण एका पेंटेकॉस्टच्या सणाला, नवी दारू जरा जास्त झाल्यावर, चुलत्याने कोपऱ्यात ओढून त्याला खरी गोष्ट सांगितली होती. तो पूर्वज ड्यूकच्या तबेल्यातला मोतद्दार होता. ड्यूक आपला आपण पोहून बाहेर आला, चांगलाच पोहायचा तो. मोतद्दाराने वाचवला तो घोडा. आणि ड्यूकला स्वतःपेक्षा घोड्याची काळजी जास्त होती. तेरा वर्षांच्या डेगेनहार्टला ते ऐकून लाज वाटायला हवी होती, पण त्याला आठवत होतं ते निराळंच: थंड तपकिरी पाण्यात छातीपर्यंत बुडालेला एक माणूस, त्याच्या मुठीत ओल्या आयाळीचा झुबका, आणि घोड्याच्या नाकपुड्यांतून त्याच्या गालावर येणारा ऊन श्वास. हे चित्र बापाच्या गोष्टीतल्या चित्रापेक्षा कितीतरी जिवंत होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. सांगितल्या नाहीत अशा गोष्टी त्याच्याजवळ पुष्कळ होत्या. एखाद्या सेनापतीकडे असाव्यात त्याहून जास्त.

त्यातली एक हिर्शश्टाइनच्या वेढ्याची. शिळेवर नावापुढे 'निर्भय' असा शब्द कोरला होता तो हिर्शश्टाइनमुळेच. डेगेनहार्ट फॉन एरलेक सर्वांच्या आधी शिडीवर चढला, असं सम्राटाकडे गेलेल्या खलित्यात लिहिलं होतं आणि ते खरं होतं. खलित्यात नव्हतं ते असं, की तो शिडीच्या नवव्या पायरीवरून घसरला, डावा पाय दोराच्या फासात अडकला, आणि तो खंदकावर डोकं खाली करून लोंबकळत राहिला. 'आमच्या बापा' ही प्रार्थना तीन वेळा म्हणून होईल इतका वेळ. शिरस्त्राण सुटून खाली गेलं आणि त्याचा डुबुक असा फार लांबून आल्यासारखा आवाज झाला. मग जग फिरलं. आकाश पायाखाली अंथरलेलं होतं, स्वच्छ, ढगांच्या बारीक सुरकुत्या पडलेलं, आणि किल्ल्याच्या चर्चचा मनोरा त्यात बर्फाच्या सुळ्यासारखा खाली लोंबत होता. अंगावर चाळीस रत्तल लोखंड होतं. वजन तेवढंच होतं, पण जन्मात पहिल्यांदा ते त्याला खाली दाबत नव्हतं, धरून लांब ताणत होतं, मणक्यामणक्यात जागा करत होतं. तटावरून एक तिरंदाज वाकला. त्याची दाढी उलटी दिसत होती, कपाळावर उगवल्यासारखी. त्याने नेम धरला, डेगेनहार्टचा लाल झालेला उलटा चेहरा बघितला, आणि त्याला हसू फुटलं. धनुष्य हलायला लागलं. डेगेनहार्टलाही हसू फुटलं. दोघंही, एक वर एक खाली, मरणाच्या दारात खिदळत होते, आणि त्या तेवढ्या वेळात तो कुणाचा मुलगा नव्हता, कुणाचा सेनापती नव्हता, त्याला काहीही करायचं नव्हतं, करता येण्यासारखंही काही नव्हतं. मग फास तुटला, तो पाण्यात पडला, मागच्या लोकांना वाटलं सेनापतीने उडी घेतली, आणि त्यांनी अशी मुसंडी मारली की दुपारपर्यंत किल्ला हाती आला. संध्याकाळी सगळे त्याच्या नावाने ओरडत होते आणि तो एका पिंपावर बसून नाकातलं पाणी शिंकरत विचार करत होता, की एवढं हलकं पुन्हा कधी वाटेल?

त्या संध्याकाळी कुंट्सने घोडे सोडले. हे आठवलं तसा डेगेनहार्टचा तळवा ढालीवर थांबला. त्याच्याकडे तेव्हा एक करडी घोडी होती. तिला सगळे नन म्हणत, कारण ती कुठल्याही घोड्याला जवळ येऊ देत नसे. सकाळपासून खोगीर आवळलेलं. कुंट्सने पट्टा सोडला, खोगीर उतरवलं, पाठीवर घामाचा काळा चौकोन, त्यातून वाफ निघत होती. ननने एकदा सगळं कातडं थरथरवलं, पुढचे गुडघे मोडले, धप्पदिशी गवतात पडली आणि उताणी झाली. चारही पाय वर. या कुशीवरून त्या कुशीवर, पुन्हा या कुशीवर, मान लांब टाकून, दात दाखवत, घशातून एक म्हातारीसारखा कण्हण्याचा आवाज काढत. एवढी अब्रूदार घोडी, आणि सगळ्या फौजेसमोर पोट वर करून लोळत होती. तिचे खूर आकाशात असे चालत होते की जणू तिथेही रस्ता आहे.

तो दगडाकडे बघत होता आणि दगडातला घोडा हलला. हलला नसणार, हे त्याला माहीत होतं. खिडकीतून येणारं ऊन सरकलं असेल, किंवा डोळ्यांत पाणी आलं असेल. पण आता तो घोडा पडलेला नव्हता, मेलेला नव्हता. त्याचा उचललेला पाय, ताणलेली मान, फुगलेलं पोट, सगळं तेच होतं, विल्पोल्डच्या छिन्नीने एक रेघही बदलली नव्हती, आणि तरीही...

"कुंट्स," तो म्हणाला, "इकडे ये. काय दिसतंय?"

कुंट्स आला. डोळे बारीक करून बघितलं. मग त्याच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू असं काही पसरलं, जे डेगेनहार्टने कित्येक वर्षांत तिथे पाहिलं नव्हतं.

"खोगीर उतरवलंय त्याचं," कुंट्स म्हणाला.

डेगेनहार्ट हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग त्याला शिळेचा आधार घ्यावा लागला, आणि स्वतःच्याच दगडी छातीवर हात टेकून तो इतका हसला की कारखान्यातल्या सगळ्या छिन्न्या थांबल्या. विल्पोल्ड घाबरून पाण्याचा लोटा घेऊन आला.

"राहू दे तो तसाच, मिस्त्री," डोळे पुसत तो म्हणाला. "एका शब्दाने बोलू नकोस. फार छान लोळतोय."

"लोळतोय?" विल्पोल्ड म्हणाला. "सरकार, मी तर शोक काढला होता."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं, चौकात उद्याच्या सणासाठी हिरव्या फांद्यांच्या कमानी बांधत होते, आणि कुठल्यातरी घरातून खसखशीच्या पोळीचा वास येत होता. डेगेनहार्टने कुंट्सला घरी धाडलं. "झिगमारच्या माणसाला म्हणावं, जेवण पुरं कर आणि नीघ. तुझ्या मालकाला माझा नमस्कार सांग, तो भला माणूस आहे, त्याने स्वतःचंच नाव लावावं, तेही चांगलं आहे."

"आणि बेनिग्नाताईंना काय सांगू?"

"तिला काही सांगू नकोस."

"म्हणजे तुम्ही स्वतः बोलणार?" कुंट्सने टोपी छातीशी धरली. "तोंडाने?"

"चालता हो."

पण कुंट्स वळणाआड गेला आणि डेगेनहार्टच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. घोडा लोळू दे म्हणणं सोपं होतं. घोडा दगडाचा होता. बेनिग्ना समोर उभी राहील तेव्हा काय म्हणायचं? तो शहरातल्या खंदकाच्या काठाकाठाने चालायला लागला. 'मी परवानगी देतो' हे वाक्य त्याने मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि ते त्याला झिगमारच्या निरोप्यासारखं वाटलं, नम्र आणि परकं. 'माझी चूक झाली' हे त्याहून वाईट. ते तर त्याच्या तोंडात मावेचना, कोरड्या पावाचा मोठा घास घेतल्यासारखं झालं. 'तुझ्या मनासारखं होऊ दे' यात उपकार होता. पाण्यावर बदकं होती, त्यांच्या मागे पाण्यात उघडणारे कोन अगदी सारखे होते, मोठ्या बदकामागे तेवढाच, लहानामागे तेवढाच. त्याने अकरा किल्ले घेतले होते. अकरा वेळा, मोडलेल्या दरवाजासमोर पाय फाकून उभा राहिला होता आणि समोरचा बाहेर यायची वाट पाहिली होती. आपण तसं बाहेर यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. हरायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि आता एकसष्टाव्या वर्षी, वेशीपासून शंभर पावलांवर, सूर्य अजून चांगला वर असताना...

तो थांबला. हे काही खरं नव्हतं. हरायचं कसं, हे त्याला उत्तम माहीत होतं. त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? अकरा वेळा त्याने ते समोरून पाहिलं होतं. किल्ला सोडणारा सरदार बाहेर येताना डोक्यावर काही घालत नाही. कमरेला तलवार नसते. हातात एक साल काढलेली पांढरी काठी असते, तिने कुणाला इजा होणार नाही, हे लांबूनही दिसावं म्हणून. तो बोलत नाही. विचारलं तेवढ्यालाच उत्तर देतो. या अकरांपैकी काही जण रडत आले होते, एक जण दारू पिऊन आला होता, पण रोझेनएकचा जो म्हातारा किल्लेदार होता तो फार सुंदर चालत आला होता, सावकाश, इकडे तिकडे बघत, जणू सकाळी शेतावर फेरफटका मारायला निघाला आहे. डेगेनहार्टला तेव्हा त्याचा राग आला होता. आज कळलं की तो हेवा होता.

खंदकाच्या उतारावर वाळुंजाचं झाड होतं. त्याने सुरीने अंगठ्याएवढी जाड एक फांदी कापली. वसंतात झाडात रस चढलेला असतो तेव्हा साल लाकडाला धरून राहत नाही. एक चीर दिली की अख्खी, अस्तनीसारखी, ओढून काढता येते. तशी ती निघाली. आतलं लाकूड ओलं, गुळगुळीत आणि इतकं पांढरं होतं की त्याच्या हातावरचे डाग त्यापुढे मातीचे वाटले. कडवट हिरवा वास आला. तलवारीचा पट्टा सोडून त्याने तो वाळुंजाच्या बेचक्यात अडकवला, त्यावर टोपी ठेवली. विरळ केसांतून वारा थेट कवटीला लागला. मग तो वेशीकडे निघाला, सावकाश, इकडे तिकडे बघत.

वेशीत एक कोळीण पिंपातल्या माशांवर पाणी मारत होती. तिने बघितलं आणि तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. "अगं बाई! सरकार! कुठला किल्ला पडला?"

"एरलेक."

"एरलेक? तो तर तुमचाच ना?"

"म्हणून तर मला जावं लागतंय."

"आणि घेतला कुणी?"

त्याने काठीने वेशीबाहेर, जिथून काळा धूर सरळ वर चढत होता तिकडे दाखवलं. कोळणीने आधी धुराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मग तिने मागे वळून असा काही आवाज दिला की अख्ख्या मासळीबाजाराने माना वळवल्या.

आगीच्या भीतीने ओताऱ्यांना शहरात जागा देत नसत. योब्स्टची भट्टी वेशीबाहेर पाण्याच्या कडेला होती, आणि गेले तीन आठवडे बेनिग्ना दिवसभर तिथेच असे. अंगणात पुरुषभर खोल खड्डा होता, त्यात घंटेचा मातीचा साचा उभा केलेला. योब्स्ट, रुंद खांद्यांचा, भुवया जळून गेलेला तिशीतला माणूस, चाळणीने माती चाळत होता. आणि लाकडी डोणीपाशी गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत हात बुडवून, बेनिग्ना साच्याचा गारा मळत होती: चिकणमाती, घोड्याची लीद आणि बकरीचे केस. योब्स्टने आधी पाहिलं. त्याला फक्त काठी दिसली. त्याने चाळणी खाली ठेवली आणि तो पुढे येऊन उभा राहिला.

"सरकार," तो म्हणाला, "मारायचं असेल तर मला मारा. मी हात उचलणार नाही. फक्त एवढा थर चढवून होईपर्यंत थांबा, वाळला की तडकतो."

"बाजूला हो, योब्स्ट," बेनिग्ना म्हणाली. "ती काठी मारायची नाही."

ती उठली. तिने वडिलांचं उघडं डोकं पाहिलं, मोकळी कंबर पाहिली, पांढरी काठी पाहिली. ती सेनापतीची मुलगी होती. तिला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, पाय किंचित फाकून, दोन्ही हात अंगापासून दूर धरून, बोटांवरून गारा ठिबकत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती थेट त्याच्याशी बोलत होती.

"किल्ला कुठला?"

"एरलेक."

"किल्लेदार?"

"डेगेनहार्ट."

"किती दिवस लढवलात?"

"तीन आठवडे."

"मग आज का सोडलात?"

"रसद संपली," तो म्हणाला. "तू बोलत नव्हतीस."

तिने एकदा खाली बघितलं. वेशीकडून माणसांचा गलबला येत होता, कोळीण सगळ्यांच्या पुढे. योब्स्ट एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"आत अजून कोण राहिलंय?" तिने विचारलं.

डेगेनहार्टने खरंच विचार केला. विचारलेल्याचं उत्तर नीट द्यायचं असतं. मनातल्या मनात तो सगळ्या खोल्यांतून फिरून आला, एकेक दार उघडून.

"कोणी नाही," तो म्हणाला. "एकटाच होतो मी. बाहेर आलो."

"जीव आणि अंगावरचे कपडे तेवढे तुमचे," बेनिग्नाने अट सांगितली. मग ती एक पाऊल पुढे आली. "जीव नक्की, बाबा. कपड्यांचं काही सांगता येत नाही." आणि तिने गाऱ्याने भरलेले दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले, त्याच्या व्हेनिसहून आणलेल्या काळ्या मखमली अंगरख्यावर, मानेवर, उघड्या डोक्यावर.

"म्हणजे... हो का?" योब्स्टने विचारलं. "सरकार, हे हो आहे का?"

त्याला उत्तर द्यायला दोघांनाही बराच वेळ सवड झाली नाही.